जुना लेथ गॅरेजात पुन्हा चालता करताना

तीस-चाळीस वर्षं कारखान्यात राबलेला लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने कातणारं मशीन) घरी आणून आठवडाभरात चकाचक करता येतो, आणि त्याच आठवड्यात त्याची अचूकता कायमची घालवताही येते. लेथचा सगळा नेमकेपणा मोजक्या जागांवर उभा असतो: बेडचे वे (ज्यांवर वरचे भाग सरकतात त्या घोटलेल्या पट्ट्या), स्पिंडलची (काम फिरवणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंग आणि स्लाइडची डव्हटेल (सरकत्या भागाची तिरप्या कडांची खाच). तिथून ग्राइंडर किंवा एमरी फिरली की गेलेलं लोखंड परत येत नाही. रंग, हँडल, पट्टा, मोटर हे नंतर केव्हाही बदलता येतं. म्हणून क्रम असा धरा: आधी मोजमाप, मग सफाई, मग दुरुस्ती, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पुढची माहिती दोन ते सहा फुटी बेडच्या साध्या सेंटर लेथसाठी आहे. बेंचवर बसणारा असो की स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, काम तेच, फक्त वजन बदलतं.

१. ताब्यात घेण्याआधी तासभर तपासा

सुरुवात बेडपासून करा. बहुतेक काम चकजवळच (चक म्हणजे काम पकडणारं साधन) चालतं, त्यामुळे बेड हेडस्टॉककडच्या (स्पिंडल असलेल्या डाव्या टोकाकडच्या) फूट-दीड फुटात झिजतो आणि टेलस्टॉककडच्या (कामाच्या दुसऱ्या बाजूला आधार देणाऱ्या भागाकडच्या) टोकाला जवळपास कोरा राहतो. हेडस्टॉकच्या अगदी पुढ्यात एक पट्टी अशी असते जिथे सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) कधीच पोचत नाही. तिथून नख बेडवर लांबीच्या दिशेने हळू ओढा. एका जागी नख अडलं तर ती झिजेची कड. नखाला कड जेमतेम जाणवत असेल तर घाबरू नका. नख ठेचकाळत असेल तर मात्र मोजायलाच हवं.

दुसरी चाचणी हाताची आहे. सॅडल चकजवळ आणा, त्याचा लॉक-बोल्ट इतकाच आवळा की सॅडल जेमतेम सरकेल, आणि हँडव्हील फिरवत टेलस्टॉककडे न्या. बेड सगळीकडे सारखा असेल तर हाताला सारखंच जड लागतं. मध्येच जाम झालं तर चकजवळ बेड पातळ झाला आहे. नेमका आकडा हवा असेल तर मॅग्नेटिक स्टँड सॅडलवर बसवा, डायलचं (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या इंडिकेटरचं) टोक टेलस्टॉकच्या सपाट वेवर टेकवा (हा वे सहसा कमी झिजलेला असतो) आणि सॅडल टोकापासून टोकापर्यंत चालवा. ०.०५ मिमीपर्यंतचा खळगा घरच्या कामाला चालून जातो. ०.१५ मिमीच्या पुढे गेला तर बेड ग्राइंड किंवा स्क्रेप (हाताने थोडा थोडा खरवडून सपाट) करण्याचा खर्च मनात धरूनच व्यवहार करा.

हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. टूल सरळ खाली उतरलं तर फारसं बिघडत नाही. ५० मिमी व्यासाच्या बारवर टूल ०.१ मिमी खाली गेलं तर व्यासातला फरक एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. तेच टूल ०.१ मिमी मागे सरलं तर व्यास ०.२ मिमीने वाढतो. म्हणून पुढचा व्ही-वे झिजून सॅडल तुमच्या बाजूला कलत असेल तर ती झीज त्रासाची. सपाट वेवरचा थोडा खळगा त्या मानाने निरुपद्रवी.

मग स्पिंडल. चक काढून स्पिंडलच्या नाकावरच्या (चक बसतो त्या टोकावरच्या) घोटलेल्या खांद्यावर डायल लावा आणि हाताने फिरवा. ०.०१ मिमीच्या आत उत्तम, ०.०३ च्या पुढे शंका घ्यावी. नंतर चकमध्ये लाकडी दांडा धरून स्पिंडल वर उचलून पाहा. रोलर बेअरिंगमध्ये हालचाल जवळजवळ शून्य हवी. ब्रॉन्झ किंवा व्हाइट मेटलच्या बुशमध्ये तेलाच्या थराइतकी, म्हणजे ०.०२ ते ०.०५ मिमी, हालचाल असणं स्वाभाविक आहे.

गिअर हाताने फिरवत प्रत्येक दाता पाहा, विशेषतः बॅक गिअरचे (स्पिंडलचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर). प्रत्येक लिव्हर प्रत्येक जागी पडतो का, हाफ नट (सॅडलला लीडस्क्रूशी, म्हणजे आटे काढताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूशी, जोडणारा दोन तुकड्यांचा नट) पकडतो का, हे बघा. शेवटी काय काय गायब आहे त्याची यादी करा: चेंज गिअर (आट्यांचं माप ठरवायला बदलायचे गिअर), फेसप्लेट (काम बोल्टने बांधायची तबकडी), स्टेडी (लांब कामाला मधे आधार), चकची चावी, फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक. हे एकेक शोधत बसण्यात कधी कधी लेथपेक्षा जास्त पैसा आणि वेळ जातो. बेडला किंवा हेडस्टॉकच्या कास्टिंगला तडा असेल तर पहिला लेथ म्हणून तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

२. कागद आणि हत्यारं आधी जमवा

कागद:

- मशीनच्या पाटीचा आणि मोटरच्या पाटीचा स्पष्ट फोटो
- सिरियल नंबर (बऱ्याच मशीनवर तो टेलस्टॉककडच्या टोकाला बेडवर ठोकलेला असतो, मळ पुसल्याशिवाय दिसत नाही)
- मॅन्युअल आणि पार्ट्स लिस्ट. त्याच मॉडेलची नसली तर शेजारच्या मॉडेलचीही चालते
- चेंज गिअरचा तक्ता; दाराच्या आतला तक्ता पुसट असेल तर रॉकेल लावण्याआधीच फोटो काढा
- ऑइलिंग चार्ट
- खरेदीची पावती

हत्यारं:

- डायल इंडिकेटर आणि मॅग्नेटिक स्टँड
- ० ते २५ मिमी मायक्रोमीटर, व्हर्नियर, फीलर गेज
- ०.०२ मिमी प्रति मीटर अचूकतेची मशीन लेव्हल (विकत न घेता दोन दिवस उसनी आणली तरी पुरते)
- स्पॅनर, ॲलन की, ब्रॉन्झचे किंवा ॲल्युमिनियमचे पंच, नायलॉन हातोडी
- दोन-तीन जाड ट्रे, झिप पिशव्या, मार्कर
- बारीक ऑइलस्टोन, प्लॅस्टिक आणि पितळी ब्रश, स्टील वूलचा सगळ्यात बारीक ग्रेड
- रॉकेल, पेनिट्रेटिंग ऑइल, चिंध्या, नायट्राइल हातमोजे

पाना लेथवरच्या नटाला नीट बसतो का ते आधी पाहा. जुन्या मशीनवर इंची आणि मेट्रिक दोन्ही सापडतात, क्वचित एकाच मशीनवर. सैल पान्याने गोल झालेला नट पुढच्या सगळ्या कामाला चिकटतो.

३. हलवताना

बेंच लेथ दीडशे ते अडीचशे किलोच्या घरात भरतो. पायांवरचा सहा फुटी लेथ पाऊण टन ते टनभर. वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या बाजूला असतं, पाया अरुंद असतो, आणि म्हणून लेथ कलंडतो. उचलण्याआधी टेलस्टॉक आणि सॅडल बेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लॉक करा, म्हणजे तोल मधे येतो. उचलायचा पट्टा बेडखालून घ्या. लीडस्क्रू, फीड रॉड किंवा हँडलला पट्ट्याचा ताण बसला तर दांडा वाकतो, आणि वाकलेला लीडस्क्रू सरळ करणं सोपं नाही.

जमिनीवर सरकवायला इंचभर व्यासाचे चार-पाच पाइप, एक पहार आणि लाकडी ठोकळे पुरतात. पहारीने एका वेळी इंच-दोन इंचच उचला आणि प्रत्येक वेळी खाली ठोकळा सारा. मशीन कलंडू लागलं तर हाताने धरायला जाऊ नका, बाजूला व्हा. हलका लेथ असेल तर टेलस्टॉक, चक, मोटर आणि कंपाउंड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) जागेवरच उतरवून वेगळे आणलेले बरे.

४. खोलणं: एका वेळी एकच गट

सगळा लेथ एकाच शनिवारी सुटा करण्याचा मोह होतो. तीन महिन्यांनी डबाभर स्क्रू उरतात आणि कुठला कुठे हे कळत नाही. त्यापेक्षा एक गट खोला, धुवा, तपासा, पुन्हा जोडा, मग पुढचा घ्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे: टेलस्टॉक, कंपाउंड, क्रॉस स्लाइड (टूल आडवं आत-बाहेर नेणारी), एप्रन (सॅडलपुढची गिअरची पेटी), सॅडल, लीडस्क्रू, फीड गिअरबॉक्स, आणि शेवटी हेडस्टॉक. टेलस्टॉकवर हात बसतो आणि तिथे चुकलं तरी नुकसान थोडकं.

प्रत्येक भाग सुटण्याआधी फोटो, सुटल्यावर पिशवीत, पिशवीवर नाव. शिम (फट भरायचा पातळ पत्रा) असेल तर कुठल्या बोल्टखालची, कुठल्या बाजूची आणि किती जाडीची ते तिथल्या तिथे लिहा. हेडस्टॉकच्या बेअरिंग कॅपखालच्या शिमची अदलाबदल झाली तर स्पिंडलची फिट बिघडते.

आता तीन सापळे, ज्यांच्यात नवा माणूस हमखास अडकतो.

टेपर पिन. हँडल, कॉलर आणि गिअर शाफ्टला ज्या पिनने बसवलेले असतात ती पिन एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असते. मेट्रिक पिनचा टेपर १:५०, म्हणजे ५० मिमी लांबीत १ मिमीचा फरक, जो डोळ्याला दिसत नाही. जाड बाजूने ठोकली तर पिन आणखी रुतते, शेवटी टोक फुलतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही टोकं पुसून, एमरीने हलकी उजळून व्हर्नियरने मापा. बारीक टोकावर, पिनपेक्षा किंचित लहान, सपाट तोंडाचा पंच ठेवा. शाफ्टखाली दुसऱ्या बाजूने जड लोखंडाचा आधार द्या आणि एकच जोरदार ठोका मारा. दहा हलक्या ठोक्यांनी पिनचं डोकं फुलतं, एका खणखणीत ठोक्याने पिन सुटते. सुटताना आवाज बदलतो, तो ओळखता येतो.

अडकलेला चक. आट्यांच्या नाकावरचा चक वर्षानुवर्षं तसाच राहिला की घट्ट होतो. तेव्हा बॅक गिअर अडकवून स्पिंडल लॉक करतात आणि जॉमध्ये (चकच्या जबड्यात) लांब पाना घालून ओढतात. चक सुटण्याआधी बॅक गिअरचा दाता तुटतो. कित्येक जुन्या लेथचे तुटके दाते याच कारणाने तुटलेले असतात. आट्यांच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून दोन दिवस थांबा. मग बेल्ट घट्ट धरून किंवा स्पिंडलच्या मागच्या टोकाला विस्तारणारा आर्बर (भोकात फुगून घट्ट बसणारा दांडा) बसवून स्पिंडल अडवा. जॉमध्ये मोठा षट्कोनी बार पकडा आणि बारवरच्या पान्याला झटका द्या. सतत जोर लावण्यापेक्षा झटका बरा. बॅकप्लेट हीट गनने गरम केली तर आणखी सोपं.

डावे आटे. क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुतेक लेथवर डाव्या आट्यांचा असतो, काही शाफ्टच्या टोकाचे नटही. सुटत नाही म्हणून जोर वाढवण्याआधी दिसणाऱ्या आट्याचा कल बघा.

कास्ट आयर्न पिळाला किंवा ठोक्याला लवचीक नाही, ते सरळ तुटतं. हँडव्हील पुलरने काढा, मागून पहारीने उचकटू नका.

५. मळ आणि गंज

पन्नास वर्षांचं तेल, धूळ आणि चिप्स मिळून जो काळा राळेसारखा थर होतो तो रॉकेलमध्ये भिजवून प्लॅस्टिकच्या खरवडणीने निघतो. पेट्रोल वापरू नका, बंद गॅरेजात त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. प्रेशर वॉशरही नको, पाणी बेअरिंगमध्ये आणि तेलाच्या वाटांमध्ये शिरतं.

सरकणाऱ्या पृष्ठभागांसाठी वेगळा नियम. बेड, डव्हटेल, टेलस्टॉकचा क्विल (पुढे-मागे सरकणारी नळी) आणि स्पिंडलचा टेपर यांना वायर व्हील, फ्लॅप डिस्क, एमरी किंवा सँडपेपर लावायचा नाही. एक तर धातू असमान निघतो. दुसरं म्हणजे सुटलेले खरखरीत कण मऊ कास्ट आयर्नमध्ये रुततात आणि त्यानंतर सॅडल चालेल तसतसे बेडला घासत राहतात. वरवरचा गंज तेल टाकून, दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडला की सुटतो. त्यानंतर बारीक स्टील वूल आणि तेल. उरलेला तपकिरी डाग राहू द्या. डाग म्हणजे झीज नव्हे, आणि छोट्या खड्ड्यात उलट तेल टिकतं. एखाद्या ठोक्याने उठलेला उंचवटा असेल तर बारीक सपाट ऑइलस्टोन तेलात भिजवून फक्त त्या उंचवट्यावर फिरवा. दगड सपाट धरला की तो उंच जागेलाच लागतो, खालच्या धातूला शिवत नाही.

न सरकणाऱ्या लोखंडी भागांना, म्हणजे हँडल, ब्रॅकेट, नट-बोल्ट, गार्ड यांना, इलेक्ट्रोलिसिस चांगलं लागू पडतं. प्लॅस्टिकची बादली, चार लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा डीसी पुरवठा. ऋण टोक भागाला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडाच्या पत्र्याला. भाग आणि पत्रा एकमेकांना टेकता कामा नये. रात्रभरात गंज काळी भुकटी होऊन सुटतो. इथे चार पथ्यं पाळावीच लागतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, पाण्यात विषारी क्रोमियम संयुगं उतरतात. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा आणि पुरवठा बंद करूनच टोकं काढा. ॲल्युमिनियम, पितळ आणि ब्रॉन्झचे भाग यात घालू नका. स्प्रिंग आणि कडक केलेले भागही नकोत, हायड्रोजन मुरून ते ठिसूळ होतात.

व्हिनेगरही चालतं, पण भाग काढल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, सुकवून तेल लावावं लागतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र गॅरेजात आणूच नका. झाकण लावलेल्या बाटलीतूनही त्याची वाफ बाहेर पडते आणि खोलीतल्या प्रत्येक उघड्या लोखंडावर गंज धरतो, नुकत्याच साफ केलेल्या बेडवर सुद्धा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा, मास्क घाला, खरवड गोळा करून बंद पिशवीत टाका. जुन्या मशीनच्या क्लच-ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तिथली धूळ हवेने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

६. काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (हँडलची दिशा उलटली की स्लाइड हलण्याआधीचा मोकळा फेरा) बघून बरेच जण निराश होतात. हँडल फिरवलं तरी स्लाइड ०.२ मिमी हलत नाही, म्हणजे मशीन बाद, असं नाही. नेहमी एकाच दिशेने आत जात माप घेतलं की बॅकलॅश कामात येत नाही. अर्ध्या मिमीच्या पुढे गेला तर ब्रॉन्झचा नट बदला. स्क्रूही तपासा, कारण तो मधल्या भागात झिजलेला असेल तर नवा नट टोकांना जाम होईल आणि मध्ये सैलच राहील.

गिबचंही (डव्हटेलमधला सैलपणा काढणाऱ्या पट्टीचंही) तेच. डव्हटेल मधे जास्त झिजते. गिब मधे घट्ट बसवली तर टोकांना स्लाइड अडते. म्हणून सगळ्यात घट्ट जागी स्लाइड मोकळी फिरेल अशी गिब लावा आणि मधला थोडा सैलपणा स्वीकारा. गिबचे स्क्रू एकेक करून अगदी थोडे आवळा, प्रत्येक वेळी स्लाइड हलवून पाहा, मग लॉक नट बसवा. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, त्याला स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा.

लीडस्क्रूही हेडस्टॉककडेच झिजतो. काही लेथवर तो काढून उलटा बसवता येतो, टोकांना थोडं मशिनिंग करावं लागतं. हाफ नट झिजला असेल तर तो आधी बदला, तेवढ्यानेच थ्रेडिंग बरंच सुधारतं.

इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे काढायचे असतील तर १२७ दात्यांचा गिअर लागतो. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी आणि २५.४ × ५ = १२७, म्हणून हाच आकडा. जागा नसेल तर ६३ दात्यांचा वापरतात. त्यात थोडी चूक राहते, पण छोट्या लांबीच्या आट्यांना ती जाणवत नाही.

तुटका दाता ब्रेझिंगने भरून कानशीने आकार देता येतो, हळू फिरणाऱ्या गिअरला ते टिकतं.

७. हेडस्टॉक: गरज असेल तरच उघडा

स्पिंडल शांत फिरत असेल, डायलवर ठीक असेल आणि तापत नसेल तर बाहेर काढू नका. झाकण उघडा, तेल काढा, रॉकेलने धुवा, नवं तेल भरा, बस. आतल्या कास्टिंगवर लावलेला रंग सुटत असेल तर तो पूर्ण काढावा लागतो, कारण त्याच्या खाली मोल्डिंगची वाळू असू शकते आणि ती तेलात उतरली की बेअरिंग खाते.

काढायची वेळ आलीच तर रोलर बेअरिंगच्या रेसवर (कड्यावर) किंचित खूण करा, काढली त्याच कोनात परत बसवायला. अचूक स्पिंडलमध्ये बेअरिंगचा उंच बिंदू स्पिंडलच्या खालच्या बिंदूसमोर आणून बसवलेला असतो. धुतलेली बेअरिंग हवेच्या झोताने फिरवू नका. तेलाशिवाय भन्नाट वेगात फिरून रोलर आणि रेस ओरखडतात, कधी बेअरिंग फुटतेही.

टेपर रोलर बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) थंड मशीनवर अंदाजे लावा आणि मधल्या वेगात तासभर चालवा. बेअरिंगच्या जागी हात ठेवता आला पाहिजे. हात ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त आहे, नट थोडा सैल करा. तासभरानेही थंडगारच असेल आणि डायलवर हालचाल दिसत असेल तर थोडा आवळा.

ब्रॉन्झ बुशवाल्या लेथमध्ये तेल वातीने वर चढतं. ती फेल्टची वात दगडासारखी कडक झालेली असते. बाहेरून तेलाचा कप भरलेला दिसतो आणि स्पिंडल कोरडा फिरतो. नवीन शुद्ध लोकरीची वात घाला, बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवा.

८. मोटर आणि वीज

जुनी थ्री-फेज मोटर असेल आणि घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) हा सगळ्यात सोयीचा मार्ग. साधारण ३ एचपीपर्यंत सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणाऱ्या व्हीएफडी सहज मिळतात. मोटरच्या पाटीवर २३०/४०० अशी दोन व्होल्टेज असतील तर २३० च्या पुरवठ्यावर मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडायची. पाटीवर फक्त ४०० किंवा ४१५ असेल तर मोटर रिवाइंड करा किंवा बदला, नाहीतर ती पूर्ण जोर देणार नाही. जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते बॉडी इन्सुलेशन मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटर आधी वाळवा आणि पुन्हा मोजा.

व्हीएफडी आणि मोटरच्या मधे स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवू नका. चालू स्थितीत तो उघडला तर व्हीएफडी जळू शकते. चालू, बंद, उलट ही सगळी बटणं व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर जोडा. चिप्स आणि धूळ आत जाणार नाही अशा पेटीत, पण हवा खेळती राहील असं तिला बसवा. वेग खूप खाली आणून बॅक गिअर टाळायला जाऊ नका. २० हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा मंद फिरतो आणि मोटर तापते, शिवाय जोरही बॅक गिअरइतका मिळत नाही.

आट्यांच्या नाकावर चक असेल तर व्हीएफडीचं ब्रेकिंग मंद ठेवा, तीन-चार सेकंद तरी. स्पिंडल एकदम थांबला की जड चक फिरतच राहतो, आटे सुटतात आणि चक बेडवर उतरतो. उलट्या दिशेने कटिंग करतानाही हाच धोका.

वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी नो-व्होल्ट रिलीज स्विच किंवा तशी व्हीएफडी सेटिंग हवी. लाल इमर्जन्सी स्टॉप हेडस्टॉकवर नको, कारण तिथे पोचायला फिरत्या चकवरून हात न्यावा लागतो. बेडच्या पुढे, डाव्या किंवा उजव्या हाताच्या टप्प्यात बसवा. अर्थिंग बेड आणि मोटर दोन्हींना. वायरिंगची सवय नसेल तर हा टप्पा इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

जुना व्ही-बेल्ट एकाच जागी वर्षानुवर्षं ताणलेला असेल तर त्याला पोक आलेला असतो, आणि त्या पोकाने प्रत्येक फेऱ्याला कामावर लाटा उमटतात. काही लेथवर बेल्ट बदलायला स्पिंडल काढावा लागतो. तिथे कड्याकड्यांचा जोडबेल्ट वापरा, स्पिंडल हलवायची गरज पडत नाही.

९. रंग

ऑइल एनॅमल पुरेसं टिकतं. आधी डीग्रीझ, मग प्रायमर, मग दोन पातळ हात. भाग एकमेकांवर बसतात ते पृष्ठभाग, बेडचे वे, तेलाची भोकं, पाट्या आणि पायाच्या तळव्याखालची जागा टेपने झाका. दोन कास्टिंगच्या मधे रंगाचा थर राहिला तर जोडणी वाकडी बसते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या स्वतःहून पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवा.

१०. जोडणी आणि तेल

स्लाइडवे आणि बेडला आयएसओ व्हीजी ६८ चं स्लाइडवे ऑइल. हेडस्टॉकला मॅन्युअल सांगेल ते. गिअर हेडला बहुधा ३२ ते ६८ हायड्रॉलिक ऑइल, ब्रॉन्झ बुशच्या स्पिंडलला त्याहून पातळ स्पिंडल ऑइल. गाडीचं इंजिन ऑइल टाळा, त्यातलं डिटर्जंट घाण तेलातच तरंगत ठेवतं आणि इथे ती गाळायला फिल्टर नसतो.

निपल दिसला म्हणून ग्रीस भरू नका. बऱ्याच लेथवर ग्रीस निपलसारखे दिसणारे पॉइंट खरं तर तेलाचे असतात. ग्रीस आतल्या बारीक वाटांमध्ये अडकतं आणि मागून येणारं तेल थांबवतं. आधीच्या कोणी भरलं असेल तर सगळ्या वाटा वायरने आणि रॉकेलने मोकळ्या करा. तेल एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाला ओघळ दिसेपर्यंत तो पॉइंट चालू आहे असं धरू नका.

थ्री-जॉ चकचे जॉ १, २, ३ असे नंबर घातलेले असतात. स्क्रोल (जॉ सरकवणारी चकमधली आट्यांची तबकडी) फिरवत आट्याचं तोंड पहिल्या खाचेत दिसलं की १, मग २, मग ३. क्रम चुकला तर तिन्ही जॉ मधे भेटत नाहीत. कॅमलॉक नाक (चक पिना आणि कॅमने अडकवणारं) असेल तर प्रत्येक कॅमची खूण दोन व्ही खुणांच्या मधे येऊन घट्ट झाली पाहिजे. बाहेर राहिली तर चकच्या पिना जुळवाव्या लागतात; तशाच स्थितीत स्पिंडल सुरू करायचा नाही.

११. लेव्हल आणि पहिला कट

लेथ समपातळीत असण्यापेक्षा बेडला पीळ नसणं महत्त्वाचं आहे. लेव्हल बेडवर आडवी ठेवा, आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉककडे. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आला पाहिजे, मधे असो वा नसो. टेलस्टॉककडच्या पायांखाली पत्र्याची शिम घालून हे जुळवा. घाईत एकदाच बघून सोडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, कारण जमीन आणि स्टँड बसायला वेळ घेतात.

अंतिम निकाल मात्र कट देतो. ४० मिमी जाडीचा स्टील बार चकमध्ये धरा, सुमारे १५० मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग खोल काढून दोन्ही टोकांना १५ मिमी रुंदीच्या दोन कॉलर ठेवा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही कॉलरवरून ०.१ मिमीचा एकच कट घ्या आणि मायक्रोमीटरने व्यास मोजा. ०.०१ ते ०.०२ मिमीच्या आत फरक असेल तर थांबा. बाहेरची कॉलर मोठी असेल तर टूल त्या टोकाला कामापासून दूर, म्हणजे तुमच्याकडे सरकतंय. टेलस्टॉककडचा पुढचा, तुमच्या बाजूचा, पाय थोडा उचला. बाहेरची लहान असेल तर मागचा पाय उचला. शिम ०.०५ मिमीच्या टप्प्याने बदला आणि प्रत्येक वेळी नवा कट घ्या. बोथट टूलने किंवा जाड कटने बार वाकून बाहेरची कॉलर उगाच मोठी येते, म्हणून धार लावायला आळस करू नका.

हे जुळल्यावरच टेलस्टॉक. दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) बार धरून टोकांचे व्यास जुळेपर्यंत टेलस्टॉक आडवा सरकवा. तो खाली बसला असेल (जुना टेलस्टॉक तळाला झिजून खाली बसतोच) तर तळाच्या आणि वरच्या कास्टिंगच्या मधे शिम घाला.

पहिल्यांदा सुरू करताना सगळ्यात कमी वेगावर दहा मिनिटं, मग एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीला बेअरिंगवर हात ठेवून. चकची चावी हातातून सुटली की चकबाहेर असली पाहिजे, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. चालू लेथवर हातमोजे नाहीत, अंगठी नाही, लांब बाही नाही, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. चिप्स हाताने नाही, आकड्याने काढायच्या.

वीस-पंचवीस तास चालल्यावर हेडस्टॉकचं तेल बदला. धुऊनही आत राहिलेली घाण याच वेळी बाहेर येते. तळाला चमचमणारी भुकटी दिसेल. ती बारीक असेल तर ठीक, पापुद्रे किंवा पितळी कण असतील तर बेअरिंग आणि बुश पुन्हा तपासा.

१२. गॅरेजातला ओलावा

गंज बहुधा पावसाने नव्हे, सकाळच्या हवेने लागतो. रात्रभर थंड झालेलं जाड लोखंड उशिरा तापतं, आणि उबदार दमट हवा त्यावर दवासारखी बसते. बेड वापरून झाल्यावर पुसून तेलाचा पातळ थर द्या. वरून सुती चादर टाका, प्लॅस्टिक नको, कारण त्याखाली ओल कोंडते. बेडखाली छोटा हीटर किंवा जुन्या पद्धतीचा बल्ब ठेवला तर लोखंड खोलीपेक्षा एक-दोन अंश गरम राहतं आणि दव धरत नाही. ब्लीचिंग पावडर, पूलचं क्लोरीन, खत आणि ॲसिडच्या बाटल्या त्याच खोलीत ठेवू नका.